नव्व्याण्णवांचं गाव

नातोंगमध्ये कुणी मरत नाही. त्याचे शंभर भरतात. ऊस वाहून नेणारा बावन्न वर्षांचा गडी ट्रॅक्टरखाली आला, त्याचेही शंभर भरले. टोफूवाल्याची बायको चाळिशीत तापाने गेली, तिचेही भरले. मेला हा शब्द कोंबडीसाठी आणि फार तर सरकारी कागदासाठी. त्यामुळे झालंय असं, की गावामागच्या डोंगरावर शंभर भरलेल्या माणसांची दाटी आहे आणि गावात मात्र त्यातला एकही नाही. गावातला जिवंत माणूस नव्व्याण्णवपर्यंत वाढतो आणि तिथे थांबतो. तो तिथे किती वर्षं थांबलाय, हे विचारण्याचा आचरटपणा कुणी करत नाही.

हे सगळं नोंग शौवेन गुरुजींना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. आणि तरी त्यांच्याच हातून ती चूक व्हावी, याला काय म्हणायचं!

गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. अक्षर असं, की नव्या वर्षाला दारांवर चिकटवायच्या लाल कागदांवरच्या ओळी सगळं गाव त्यांच्याकडून लिहून घेई. लग्नाची आमंत्रणं त्यांची, नव्या दुकानाची पाटी त्यांची, कुणाचे शंभर भरले की भिंतीवर लागणारी सूचनाही त्यांचीच. पण खाली नाव कधीच नाही. दारावरच्या ओळींखाली लिहिणाऱ्याचं नाव कोण घालतं? आणि पावसाळा आला की लाल रंग ओघळायचा, अक्षरं पुसायची, पुढच्या वर्षी पुन्हा नवी. पावसाने धुऊन न जाणाऱ्या कशावर तरी आपलं नाव असावं, एवढी एकच हाव गुरुजींना आयुष्यभर होती.

तक्रारही एकच होती. त्यांना म्हातारं व्हायला मिळत नव्हतं. ज्याची आई जिवंत आहे त्याने स्वतःला म्हातारा म्हणवून घ्यायचं नाही, हा तिथला शिरस्ता. गुरुजींच्या तोंडात अकरा दात उरले होते, गुडघे जिना चढताना कुरकुरत होते, पण शेवयांच्या दुकानातली बाई त्यांना विचारायची, "काय रे शौवेन, आईने काय आणायला पाठवलंय?"

तर या गुरुजींना एके दिवशी पान साहेबांनी बोलावून घेतलं. पान साहेब म्हणजे नगर कार्यालयाचे प्रमुख, वय बेचाळीस, पोट नुकतंच सुटायला लागलेलं, बदली होऊन दोनच वर्षांपूर्वी आलेले. त्यांच्या टेबलावर नातोंगचा जुना नगरपरिचय पडला होता. तो आधीच्या कारकुनाने लिहिला होता. म्हणजे नदीपलीकडच्या गावाचा परिचय समोर ठेवून उतरवला होता. निसर्गरम्य डोंगर, निर्मळ पाणी, कष्टाळू जनता. दोन ठिकाणी पलीकडच्या गावाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं आणि सहा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो कुणी वाचलाच नव्हता.

"गुरुजी, गावाला चेहरा पाहिजे," पान साहेब म्हणाले. "शेजारच्यांची पपनसं प्रसिद्ध. त्यांच्या पुढच्यांचा आठशे वर्षांचा पूल. आपल्याकडे काय आहे?"

"डोंगर आहेत."

"गुआंग्शीत डोंगर नसलेलं गाव दाखवा, मी मिशी ठेवतो."

"नदी?"

"ती पलीकडच्यांनी घेतली. त्यांच्या परिचयात छापूनही आली."

गुरुजींनी थोडा विचार केला. "आंबवलेले बांबूचे कोंब?"

"वासाने जिल्हाधिकारी गाडीतून उतरायचे नाहीत." पान साहेबांनी एक यादी पुढे सरकवली. "हे बघा. ओळखपत्रांवरून काढलंय. आपल्याकडे म्हातारे आहेत. साधेसुधे नाहीत, शंभराच्या वरचे. पाच! वीस हजार वस्तीच्या गावात पाच! जिल्ह्याकडून 'दीर्घायुषी नगर' असा फलक मिळतो. मग बस येतात, शहरातले पेन्शनवाले हवा खायला येतात, आपलं विहिरीचं पाणी बाटलीत जातं. तुम्ही परिचय लिहा. बसच्या थांब्यासमोर काळा दगड उभा करू, त्यावर कोरून घेऊ. खाली तुमचं नाव."

पुढे पान साहेब बरंच काही बोलले, पण गुरुजींचे कान 'नाव' या शब्दाशी बंद झाले होते. यादीतलं पहिलं नाव त्यांनी घरी जाताना रस्त्यात वाचलं. छिन युएलान, वय एकशे एक. त्यांची आई.

गुरुजींनी बारा दिवस घेतले. शाई स्वतः उगाळली. पहिलं वाक्य सगळ्यात अवघड असतं, असं ते मुलांना शिकवत आले होते, आणि त्यांचं पहिलं वाक्य असं उतरलं की ते स्वतःच खुर्ची मागे सारून त्याच्याकडे बघत बसले. मग कागद घेऊन ते शेवयांच्या दुकानात गेले. सकाळची गर्दी होती, वाडग्यांतून वाफ येत होती. गुरुजींनी घसा साफ केला आणि वर्गातल्या आवाजात वाचलं:

"'आमच्या नातोंगमध्ये शंभर भरलेली पाच माणसं आपापल्या कुटुंबात सुखाने नांदत आहेत.'"

 एकाची शेवई अर्धी तोंडात, अर्धी बाहेर राहिली.

"कुठे नांदतायत?" दुकानदारीणबाईने हळूच विचारलं.

"कुटुंबात."

"म्हणजे घरात? आत?" बाईने दाराकडे पाहिलं. "मंत्रवाल्याला बोलावलंय का कुणी?"

तेव्हा कुठे गुरुजींना कळलं, आपण काय लिहिलंय. बारा दिवस ते पुस्तकी भाषेत विचार करत होते, आणि पुस्तकी भाषेत त्या वाक्यात काडीचा दोष नव्हता. नातोंगच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ होता: गावात पाच मढी आपापल्या घरात मजेत आहेत.

तासाभरात थाओ आबांची सून कुंचा घेऊन गुरुजींच्या दारात उभी. थाओ आबा यादीत दुसरे, दोन्ही कानांनी ठार बहिरे.

"गुरुजी, माझ्या पोरांना तुम्ही शिकवलंत, म्हणून कुंचा खाली धरलाय," ती म्हणाली. "आमच्या आबांना जिवंतपणी डोंगरावर पोचवायचं कारण काय? आज सकाळीच दोन वाडगी खिमट खाल्लंय त्यांनी!"

"अगं, मी त्यांच्या दीर्घायुष्याचं कौतुक केलंय."

"कौतुक करायचं तर नव्व्याण्णवमध्ये करा. नव्व्याण्णवात काय कमी आहे?"

गुरुजींनी वाक्य बदललं. 'शतायुषी' घातलं, 'शतकवीर' घातलं. पण गावाला आता वास लागला होता. लोक फिरून फिरून त्या वाक्यातलं मढं हुडकून काढत. आणि खरा घोळ पुढेच होता. जिल्ह्याच्या समितीचं पत्र आलं. इतर ठिकाणी ओळखपत्रांत बनवाबनवी सापडल्यामुळे समिती यापुढे कागदावर विश्वास ठेवणार नव्हती. नवव्या महिन्याच्या नवमीला, ज्येष्ठांच्या सणाच्या दिवशी, समिती स्वतः येणार, प्रत्येक वृद्धाला समोर बसवून वय विचारणार आणि तो तोंडाने सांगेल ते लिहून घेणार.

"म्हणजे काहीच अडचण नाही," पान साहेब म्हणाले. "एकेक शब्द बोलायचा. गुरुजी, तेवढं तुम्ही बघा. तुमचं ऐकतात सगळे."

गुरुजी घरोघर फिरले. चहा प्यायले, सुकवलेल्या लिची खाल्ल्या, अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली. शब्दाने माणूस मरत नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तेच पुन्हा सांगितलं. थाओ आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, वय किती?"

"नव्व्याण्णव!" आबा त्याहून मोठ्याने ओरडले. इतर कुठलाही प्रश्न त्यांना ऐकू येत नसे.

"कार्डावर एकशे दोन आहे!"

"जेवलो, जेवलो!"

उरलेल्या तिघांकडेही तोच आकडा. शेवटी सुनेनेच वर्मावर बोट ठेवलं. "गुरुजी, पाचांत सगळ्यात मानाच्या तुमच्या आई. त्या म्हणाल्या तर आमचे आबाही म्हणतील, बाकीचेही म्हणतील. आधी घरच्या तोंडातून वदवून घ्या, मग लोकांच्या दारी या." आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण आपटल्यासारखं लावलं.

गुरुजी घरी आले तेव्हा आई अंगणात बसून शेंगा सोलत होती. तिच्या मागे, पडवीत, तिची पेटी होती, शंभर भरल्यावर डोंगरावर न्यायची. साठाव्या वर्षी रिवाजाप्रमाणे करून घेतलेली, देवदाराची, दर दोन वर्षांनी काळा रंग मारलेली. ज्याने घडवली त्या सुताराचे शंभर भरूनही तीस वर्षं झाली होती, तोही दुसऱ्याने केलेल्या पेटीत गेला होता. आई त्या पेटीत वाळवलेली रताळी ठेवायची. उंदीर लागत नाहीत, म्हणायची.

आणि चुलीजवळ तिची बरणी. नातोंगमध्ये साठी उलटलेल्या आईबापाच्या नावाने तांदळाची एक बरणी ठेवतात. त्यातला भात फक्त त्यांनीच खायचा आणि तळ कधी दिसू द्यायचा नाही. सणावाराला मुलाने त्यात तांदूळ घालायचे. जोवर तांदूळ आहेत तोवर आयुष्य आहे. गुरुजी याला 'लोकसंस्कृतीचा एक रंजक नमुना' म्हणायचे. शाळेच्या नियतकालिकात त्यावर लेखही लिहिला होता त्यांनी. मात्र गेली काही वर्षं ते सणाची वाट बघत नसत. दर आठवड्याला झाकण काढून हात आत घालून बघत, आणि पत्र आल्यापासून तर दिवसातून दोनदा.

त्या दिवशीही त्यांनी आधी बरणीत हात घातला, मग अंगणात आले.

"किती आहेत?" आईने मान वर न करता विचारलं.

"काय?"

"तांदूळ. सकाळी होते तेवढेच आहेत का?"

गुरुजी शेजारी बसले आणि शेंगा सोलू लागले. वाक्य जिभेवर होतं. इतरांच्या घरी ते सहज निघालं होतं, इथे ते पुढच्या दातांपाशी येऊन परत जात होतं. सहा शेंगा झाल्या, दहा झाल्या.

"शौवेन, दगडावर नाव येणार म्हणे तुझं?" आईच म्हणाली. गावात कुठली गोष्ट लपते!

"येईल बहुतेक."

"केवढं?"

गुरुजींनी तळहात पसरून दाखवला. "एकेक अक्षर एवढं."

आईने तो तळहात थोडा वेळ पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. मुलाची अक्षरं चांगली असतात हे तिला लोकांच्या तोंडून ठाऊक. "आणि त्यासाठी मी एक आकडा बोलायचा."

"तू नको म्हणालीस तर..."

"मी कुठे काय म्हणाले? वाकडी शेंग टाकून दे, किडकी आहे ती." मग पाटी उचलून आत जाताना म्हणाली, "बघू."

पान साहेबांना या 'बघू'मध्ये होकार दिसला. त्यांनी दगड मागवून टाकला.

नवमीचा दिवस उजाडला. नगर कार्यालयाच्या सभागृहात पाच खुर्च्या, पाच लाल रेशमी डगले, पाच जण. भिंतीवर शेवंतीच्या माळा. गल्लीभर तळलेल्या तिळाच्या लाडवांचा वास. सगळं गाव दाराखिडक्यांत कोंबलेलं. थाओ आबांना झोप लागली होती, सून त्यांना मधूनमधून कोपर मारत होती. समितीत तीन माणसं, प्रमुख निंगबाई. चष्मा, आखूड केस, हातात साधी वही. पान साहेबांनी त्यांना चहा दिला, पपनस सोलून दिलं, ते पपनस शेजारच्या गावचं आहे हे सांगितलं नाही.

गुरुजी आईच्या खुर्चीमागे उभे होते. सकाळी त्यांनी बरणीत दोन वेळा तांदूळ घातले होते; झाकण बसेना, तेव्हा वर ताट ठेवून आले होते. अंधश्रद्धेचा प्रश्न नव्हता, सण होता. हे त्यांनी स्वतःला रस्त्याने तीनदा सांगितलं. खिडकीतून त्यांना चौकातला दगड दिसत होता. काळा, उंच, कोरा. उन्हात चमकत होता.

"आजीपासून सुरुवात करू या," निंगबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. "आजी, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत बरी आहे. डगला टोचतोय."

लोक हसले. निंगबाईही हसल्या. "बरं, मला सांगा, आजी. तुमचं वय किती?"

 दारातल्या एका बाईने पोटातल्या बाळावर हात ठेवला. आईने मान वळवून मुलाकडे पाहिलं. नजर शांत होती, थोडी मिश्कील. मग ती निंगबाईंकडे वळली, सरळ बसली, तिने छातीभर श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"नव्व्याण्णव!"

आवाज इतका मोठा होता की थाओ आबा जागे झाले. पण तो आईचा नव्हता. चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज होता तो. गुरुजी खुर्चीमागून पुढे आले होते आणि आईच्या आणि वहीच्या मध्ये उभे राहिले होते. हात पसरून, रस्त्यात बस अडवावी तसे.

"गुरुजी," निंगबाईंनी कागद चाळले, "अर्जावर तर एकशे एक लिहिलंय. अर्ज तुमच्याच अक्षरात आहे ना?"

"अर्ज चुकला. मी लिहिला, मीच चुकलो. बेरजेत मी पहिल्यापासून कच्चा. नव्व्याण्णव. लिहा, नव्व्याण्णव."

"नव्व्याण्णव!" थाओ आबा ओरडले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग बाकीच्या तिघांनीही ओळीने तेच सांगितलं, सुटकेचा श्वास टाकत, वर्गात हजेरी द्यावी तसं. दारातली बाई रडायलाच लागली, आनंदाने. पान साहेबांनी हातातली पपनसाची फोड ताटात परत ठेवली.

फलक नदीपलीकडच्या गावाला मिळाला. तिथल्या सहाही वृद्धांनी न अडखळता, खणखणीत आवाजात शंभर, एकशे तीन, एकशे पाच असे आकडे सांगितले. त्यातल्या एकाने समितीला चहा देताना दोन पायऱ्या एकदम उतरल्या, आणि त्याचे केस इतके काळे होते की रंग कानाला लागला होता. पण तोंडाने सांगितलं ना, झालं. नदी त्यांच्याकडे आधीच होती, आता दीर्घायुष्यही गेलं.

पान साहेब गुरुजींशी आठवडाभर बोलले नाहीत. आठव्या दिवशी निरोप पाठवला, तो कारकुनाकरवी. दगडाची ऑर्डर रद्द होत नाही, तेव्हा काहीतरी कोरावंच लागेल. परिचय द्या, पण छोटा. आणि खाली नाव येणार नाही.

गुरुजींनी तो एका बैठकीत लिहिला. शाई उगाळायलाही फार वेळ लागला नाही.

आईही त्यांच्याशी धड बोलत नव्हती. जेवण करायची, शेंगा सोलायची, पण 'हो', 'नाही', 'मीठ दे' यापलीकडे शब्द नाही. गुरुजींना वाटलं, लोकांसमोर आपण ओरडलो याचा राग असेल. मनातून त्यांना त्याची पर्वा नव्हती. ती जिवंत होती, बरणी भरलेली होती, आणि ते स्वतःवर, खरं सांगायचं तर, बऱ्यापैकी खूश होते. आपण आईसाठी नावावर पाणी सोडलं, असा एक गोड कढ त्यांना दिवसातून दोनतीनदा यायचा.

दगड कोरून झाला त्या सकाळी आई म्हणाली, "चल, दाखव."

दोघं चौकात गेली. ती काठी टेकत, ते तिच्या कोपराला धरून. बस नुकतीच गेली होती, आजूबाजूला तुरळक माणसं होती. आईने दगडाभोवती एक फेरी मारली, खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे गुळगुळीत होतं.

"नाव कुठाय?"

"नाही घातलं."

"हं. वाच."

गुरुजींनी वाचलं. नातोंगमध्ये डोंगर आहेत, तसे सगळीकडेच आहेत. नदी आहे, ती पलीकडच्यांचीही आहे. आंबवलेले बांबूचे कोंब इथल्यासारखे कुठे मिळत नाहीत, वासाला घाबरू नये. आणि शेवटचं वाक्य, जे पान साहेबांनी न वाचता मंजूर केलं होतं:

"'या गावातली सर्वांत वडील बाई नव्व्याण्णव वर्षांची आहे, आणि पुढच्या वर्षीही नव्व्याण्णवच असेल.'"

आईने काठी दगडाला टेकवून ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. मग मुलाची बाही धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "एकशे चार."

"काय?"

"वय. कार्डावर तीन कमी आहेत. तुझ्या बापापेक्षा मी मोठी होते, स्थळ मोडू नये म्हणून मध्यस्थ बाईने कापली. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एकसष्टाव्या वर्षी त्याचे शंभर भरले, आणि मी तोवर 'मला ताई म्हण' असं त्याला सुनवायची संधी शोधत होते."

गुरुजी वाकलेलेच राहिले.

"तेच सांगणार होते त्या बाईला. तो अशुभ शब्द नव्हताच घ्यायचा मला. तो ओलांडून सरळ पुढचा आकडा. एकशे चार! सगळ्या जिल्ह्यात पहिली आले असते. तोंड उघडलं, आणि तू कोंबड्यासारखा आरवलास."

"पण आई... म्हणजे तुझे... ते... चार वर्षांपूर्वीच?"

"चार वर्षांपूर्वी. दुधीभोपळ्याची भाजी केली होतीस, खारट झाली होती. दिवसभर वाट बघितली, काही झालं नाही. रात्री झोपले, सकाळी उठले. कोंबड्यांना दाणे घातले."

एक सायकलवाला दगडाकडे बघत बघत गेला. गुरुजींनी विचारलं, "मग इतकी वर्षं लोकांना नव्व्याण्णव का सांगतेस? तुला तर भीती नव्हती."

"मला कसली भीती?" आईने त्यांच्या कॉलरवर पडलेला दगडाचा चुरा झटकला. "भीती तुला. दिवसातून दोनदा बरणीत हात घालतोस, मला दिसत नाही का? झाकण नीट बसत नाही इतका कापतो हात. म्हटलं, हा अजून लहान आहे. थोडा मोठा होऊ दे, मग सांगू."

गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तरी त्यांना दगडावरची अक्षरं दिसेनात.

"मग आज का सांगितलंस?"

"दगडात कोरलंय आता, पुढच्या वर्षीही नव्व्याण्णवच म्हणून. पावसाने जायचं नाही ते. म्हटलं, आता तू घाबरायचा नाहीस." ती काठी उचलू लागली. तेवढ्यात शेवयांच्या दुकानातली बाई रस्ता ओलांडून येताना दिसली, मागोमाग थाओ आबांची सून. आईने काठी पुन्हा टेकवली आणि मुलाला कोपराने ढोसलं. "ते शेवटचं वाक्य परत वाच. जोरात. माझ्याबद्दल आहे ते."

गुरुजींनी घसा साफ केला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचलं, "या गावातली सर्वांत वडील बाई नव्व्याण्णव वर्षांची आहे..."

आई दगडाकडे बघून मान डोलवत होती, जणू तिला वाचता येत होतं.